समाधीचे अभंग आणि पेटीचा सूर

शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस (इ. स. १२९६) ज्ञानदेवांनी आळंदीस सिद्धेश्वराच्या सान्निध्यात समाधी घेतली. त्या प्रसंगाचे महाराष्ट्राच्या मनात रुजलेले चित्र मुख्यतः नामदेवांच्या नावावरील ‘समाधी’ प्रकरणाने घडविले आहे. हे अभंग सर्वस्वी ज्ञानदेवकालीन नामदेवांचे, की त्यांत उत्तरकालीन विष्णुदास नाम्याची भर पडली आहे, हा वाद अभ्यासकांस परिचित आहे. रचनाकाल कोणताही मानला, तरी त्यांचा स्थायिभाव शोक आहे याविषयी दुमत संभवत नाही. गुरू आणि वडील बंधू या दोन्ही नात्यांनी धीर धरावयाचा तो निवृत्तिनाथच तेथे सर्वांत अधिक खचलेला दिसतो. समाधिसोहळ्याच्या कीर्तनाचा मान नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्याकडे आहे, आणि दरवर्षी त्या दुपारी श्रोत्यांचे डोळे भरून येतात.

हा करुणरस आज ज्या नादाच्या साथीने कानी पडतो, तो नाद मात्र अभंगांइतका जुना नाही. वीणा, टाळ आणि मृदंग ही वारकरी कीर्तनाची मूळ साधने. पेटी ही त्यांत फार उशिरा आलेली पाहुणी होय. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ याने इ. स. १८४० च्या सुमारास हार्मोनियमचे एकस्व मिळविले. पायभात्याचे ते वाद्य खुर्चीवर बसून वाजवावे लागे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला हातभात्याचे सुटसुटीत रूप दिले, आणि मग ते बैठकीत मांडी घालून वाजविण्याजोगे झाले. महाराष्ट्रात त्याला प्रतिष्ठा दिली ती संगीत रंगभूमीने. ‘मानापमाना’स (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. गायकाने आपला सूर ‘काळी चार’, ‘पांढरी एक’ असा पेटीच्या पट्टीवरून सांगावा, इतके ते वाद्य मराठी गायनात मुरले. भजन-कीर्तनात पिढ्यान्‌पिढ्यांचे म्हणून जे ऐकले जाते, त्यातील हा एक थर जेमतेम दीड शतकाचा आहे.

परकीय आणि नवे असूनही ते शोकास अनुकूल का ठरले? भरताने करुणास गांधार व निषाद हे स्वर आणि विलंबित लय सांगितली आहे. परंतु कीर्तनातील अनुभव केवळ स्वरनामांनी उलगडत नाही. कीर्तनकार टाळ-मृदंग थांबवून चरणाचा अर्थ सांगू लागतो, तेव्हा मागे पेटीचा एखादा आधारस्वर तेवढा उरतो. तारेचा नाद छेडल्यावर विरत जातो. भात्यातील हवा पोचते आहे तोवर पेटीचा सूर विरत नाही. शब्द अडखळला, कंठ दाटला, तरी सूर तुटत नाही. शोक दाखविण्याचे काम गळ्याचे. पेटी त्याला तोलून धरते.

आक्षेपकांची बाजू हलकी नव्हती. पट्ट्यांचे स्वर ठरलेले, त्यांवर मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, या कारणांस्तव आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून पेटीस बंदी केली. रवींद्रनाथांचाही तिला पाठिंबा होता. ही बंदी सैल होण्यास सुमारे तीन दशके लागली. योगायोग असा की, केशवराव भोळे यांच्या संगीताने नटलेला प्रभातचा ‘संत ज्ञानेश्वर’ त्याच वर्षी पडद्यावर आला. ख्यालगायनापुरता हा आक्षेप बराचसा ग्राह्य मानावा लागेल. कीर्तनास तो तितका लागू पडत नाही. तेथे मींड गळ्यात असते आणि साथीकडून तिची अपेक्षा नसते.

पाश्चात्त्य संगीतातील एक अगदी अलीकडचा प्रकार तुलनेसाठी उपयोगी आहे. इंग्लंडमधील ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाच्या १९७० च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून ज्याचा उगम मानतात, त्या ‘डूम मेटल’ या संथ, जड आणि विषण्ण संगीतात गिटारींचा घोष दीर्घकाळ टिकून राहतो. त्याच वृंदाने १९७२ मध्ये ‘चेंजेस’ हे विरहगीत मात्र मुख्यतः पियानोवर उभे केले. पियानोचा प्रत्येक स्वर आघाताबरोबर मरू लागतो, आणि गिटारीच्या न संपणाऱ्या नादाशेजारी त्याचे हे मरणेच कानाला जाणवते. फिनलंडच्या स्केप्टिसिझमने १९९५ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत पियानोऐवजी ऑर्गनच्या अखंड स्वरांवर भर दिला. म्हणजे एकाच प्रकारात पट्ट्यांच्या वाद्याने शोक दोन रीतींनी व्यक्त केला : एकदा विरणाऱ्या, एकदा न विरणाऱ्या सुरांनी. आळंदीची पेटी दुसऱ्या रीतीच्या जवळची आहे. तिकडे गीत विषादापाशीच थांबले तरी चालते. इकडे कीर्तन नामघोषाकडे वळावेच लागते, आणि तेथे टाळ-मृदंग पुन्हा उसळले की पेटी गजरात बुडून जाते.

ध्वनिमुद्रित भक्तिगीतांत आता विद्युत् वाद्यावरील पियानोचे स्वरही ऐकू येतात. जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेच्या परंपरेत वाढलेला कीर्तनकार मात्र आजही वीणा गळ्यात घेऊनच उभा राहतो. सप्ताहात ती वीणा जमिनीवर टेकत नाही, एका पहारेकऱ्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पेटी कीर्तन संपताच झाकली जाते.