साचा आणि द्रव्य : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील प्लास्टिक व रबर व्यवसायांच्या शिक्षणाचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास बहुधा धातुकामाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कातारी, जोडारी, साचेकार हे त्या इतिहासाचे नायक होत. परंतु याच पट्ट्यात प्लास्टिक आणि रबर यांचे सुटे भाग घडविणारा मोठा कामगारवर्ग गेल्या अर्धशतकात उभा राहिला. त्याने आपली विद्या कोठे आणि कोणाकडून संपादन केली, या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या परिसरात साचा घडविणाऱ्याच्या शिक्षणाची तरतूद आरंभापासून झाली. साच्यात पडणाऱ्या द्रव्याच्या शिक्षणाची तरतूद मात्र उशिरा, अपुरी आणि अन्यत्र झाली. या विषमतेचा परिणाम कामगाराच्या पदावर, वेतनावर आणि त्याच्या उत्कर्षाच्या वाटेवर झाला.

१. पूर्वपीठिका

तापवून मऊ केलेल्या द्रव्याला आकार देण्याच्या विद्येचे पद्धतशीर शिक्षण हा या भूप्रदेशाला सर्वस्वी अपरिचित प्रकार नव्हता. चाकणपासून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या या निधीला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता, आणि कारखान्याची सूत्रे काचविद्या परदेशी शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. हा कारखाना केवळ नफ्यासाठी नव्हता. काचकामाचे कारागीर तयार करणे हा त्याचा प्रकट हेतू होता. तेथे शिकलेली माणसे पुढे देशातील इतर काचकारखान्यांत गेली. म्हणजे द्रव्याची पारख, भट्टीची राखण आणि साच्याचा उपयोग या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच उमेदवाराला शिकविण्याचा प्रयोग येथे अर्धशतक आधीच झालेला होता. तथापि स्वातंत्र्योत्तर औद्योगिकीकरणाने हा धागा उचलला नाही.

२. धातुविद्येची शिडी

१९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि पुणे-मुंबई रस्त्यावरील या खेड्याचे रूप पालटू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व पिंपरी-चिंचवड हे त्याच्या आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक ठरले. त्याच दशकात आकुर्डीस बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरी-चिंचवड येथे पाय रोवले. टेल्कोने येथे आरंभ केला तो वाहनांनी नव्हे, तर यंत्रे व हत्यारे घडविण्याच्या कामाने. पुण्यात बांधलेले तिचे पहिले मालवाहू वाहन १९७७ मध्ये बाहेर पडले. आधी हत्यार, मग वाहन, हा क्रम सुमंत मुळगावकर यांच्या धोरणाचा गाभा होता, आणि त्यासाठी कुशल धातुकारागीर घडविणे अपरिहार्य होते.

या गरजेला राज्यसंस्थेची चौकट अनुकूल होती. भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. व्यवसायशिक्षणाची राष्ट्रीय परिषद १९५६ मध्ये स्थापन झाली. आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेला जोडारी किंवा कातारी मोठ्या कारखान्यात उमेदवारी करी, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवी आणि कुशल कामगार म्हणून नोंदला जाई. पुढे हत्यारघरात, म्हणजे टूल रूममध्ये, स्थिरावलेल्या कारागिराला स्वतःचे लहानसे वर्कशॉप काढण्याचाही मार्ग मोकळा असे. शेतकरी घरातील मुलाला पंधरा-वीस वर्षांत कोठवर पोचता येईल, हे या शिडीवर स्पष्ट दिसत होते.

३. द्रव्यविद्या मुंबईत

याच काळात प्लास्टिक व रबर यांचे ज्ञान मुंबईच्या आसपास एकवटत होते, आणि त्याला सबळ कारण होते. द्रव्य जेथे तयार होते तेथे त्याचे शास्त्र रुजते. १९५७ मध्ये मुंबईच्या पॉलिकेमने पॉलिस्टायरिनचे उत्पादन सुरू केले. १९६८ मध्ये ठाण्याच्या पट्ट्यात नोसिलचे पेट्रोरसायन संकुल आणि त्यालगत पॉलिइथिलिनचा कारखाना चालू झाला. भांडुपला सिएटचे टायर बनू लागले. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ पासून कार्यरत होता. रबर उत्पादकांची संशोधन संघटना १९५९ मध्ये स्थापन होऊन ठाण्यात स्थिरावली. रबर तंत्रशास्त्राची पदविका वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मिळू लागली. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती व बहुवारिकांवर तेथे मोलाचे संशोधन झाले. परंतु ती संशोधकांची जागा होती, यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराची नव्हे.

अखिल भारतीय पातळीवर १९६८ मध्ये मद्रास येथे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने केंद्रीय प्लास्टिक संस्था, म्हणजेच सिपेट, स्थापन झाली. तिच्या मूळ नावात ‘प्लास्टिक अभियांत्रिकी’ आणि ‘हत्यारे’ हे दोन्ही शब्द होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. साचा आणि द्रव्य यांची फारकत करून चालणार नाही, ही जाण त्या नावातच होती. महाराष्ट्रात या संस्थेचे केंद्र पुढे निघाले ते औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. पिंपरी-चिंचवडपासून सव्वादोनशे किलोमीटरांवर.

४. या कामात शिकण्यासारखे काय आहे?

प्लास्टिकचे यंत्र बहुतांशी स्वयंचलित असते. दाणा ओतावा, बटण दाबावे आणि तयार भाग काढून घ्यावा, याला दीर्घ शिक्षण कशाला, असा आक्षेप घेतला जातो. द्रव्याच्या स्वभावाची माहिती घेतल्यास हा आक्षेप टिकत नाही.

नायलॉनचा दाणा हवेतील ओलावा शोषून घेतो. तो काही तास सुमारे ८० अंश सेल्सियसला वाळवला नाही, तर भागाच्या पृष्ठावर चंदेरी रेघा उमटतात आणि त्याची ताकद घटते. नळीतील निरनिराळ्या टप्प्यांचे तापमान, द्रव्य साच्यात ढकलण्याचा दाब, ते थिजेपर्यंत राखावयाचा दाब आणि थंड होण्याचा अवधी यांपैकी एक जरी बिघडले, तरी भाग अपुरा भरतो, जाड जागी खळगा पडतो किंवा साच्याच्या फटीतून पापुद्रा बाहेर येतो. दोष दिसतो तेथे त्याचे कारण नसते; ते ओळखण्यास अनुभवाबरोबर शास्त्रही लागते.

रबराचे काम याहून अवघड. कच्चे रबर दोन रुळांच्या मिलवर मळून त्यात काजळी, गंधक, झिंक ऑक्साइड आणि वेगवर्धक द्रव्ये मिसळतात. मग तापलेल्या प्रेसमध्ये, साधारण १५० अंशांच्या आसपास, त्याचे व्हल्कनीकरण होते. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गवसलेल्या या क्रियेचे वैशिष्ट्य असे की ती मागे फिरविता येत नाही. थर्मोप्लास्टिकचा बिघडलेला भाग दळून पुन्हा वितळविता येतो. शिजलेले रबर पुन्हा कच्चे होत नाही. मिश्रण मिलवरच अधिक तापले तर ते साच्यात जाण्याआधीच करपते. उलट प्रेसमध्ये कमी शिजलेला भाग मापाला बरोबर उतरतो, गिऱ्हाइकाकडे जातो आणि काही महिन्यांनी ब्रेकच्या नळीत किंवा इंजिनाच्या सीलमध्ये दगा देतो. धातूतील चूक बहुधा मापकाला सापडते, रबरातील चूक मापकाला फसविते. शिवाय मिलचे रूळ परस्परांच्या दिशेने फिरत असल्याने हात ओढला जाण्याचा धोका सतत असतो. छातीपाशी बसविलेला थांबा-दांडा कशासाठी आहे हे नवख्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते की नाही, यावर त्याचा हात अवलंबून असतो. येथे प्रशिक्षण हा उत्पादकतेचाच नव्हे, तर देहाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

५. वाहनातील स्थित्यंतर

पिंपरीत प्लास्टिकचा प्रवेश आधी विजेच्या तारेवरील आवरणाच्या रूपाने झाला. छाब्रिया बंधूंनी १९५८ मध्ये पुण्यात आरंभलेल्या फिनोलेक्सचा तारांचा कारखाना पिंपरीस आला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या फिनोलेक्स इंडस्ट्रीजने पी.व्ही.सी. नळ हाती घेतले आणि १९९४ मध्ये तिने रत्नागिरीजवळ खुद्द राळेचा कारखाना उभारला. तथापि या परिसरातील प्लास्टिक व रबर व्यवसायाचा मोठा भाग स्वतंत्र नव्हता. तो वाहनधंद्याच्या पोटात वाढला. भोसरी, चिंचवड येथील लहान कारखाने मोठ्या कंपन्यांना बूश, सील, नळ्या, मुठी, दिव्यांची घरे पुरवीत.

१९९० नंतर या पुरवठ्याचे प्रमाण आणि स्वरूप दोन्ही बदलले. मोटारीतील बंपर, दर्शनी फळी, इंधनटाकी अशा पूर्वी पत्र्याच्या असणाऱ्या वस्तू प्लास्टिकच्या होऊ लागल्या. १९९८ मध्ये लोकांपुढे आलेली टाटांची इंडिका पुण्यात तयार झाली. १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना निघाला. २००९ मध्ये तेथे फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. २०१३ मध्ये ब्रिजस्टोनच्या टायर कारखान्याचे उत्पादन सुरू झाले. कांद्याच्या बाजारासाठी ख्यात असलेले चाकण वाहनांचे केंद्र बनले. इकडे आकुर्डीतील बजाजचे वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले, आणि त्याभोवतीच्या लहान पुरवठादारांना नवी गिऱ्हाइके शोधणे किंवा चाकणची वाट धरणे भाग पडले.

६. तुटलेली शिडी

काम वाढले, पण त्या प्रमाणात शिडी उभी राहिली का? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायसूचीत याचे उत्तर सापडते. जोडारी, कातारी, यंत्रकारागीर यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. साचेकारासाठी तर ‘साचे व डाय’ अशी वेगळी शाखा. प्लास्टिक प्रक्रिया चालकाचा अभ्यासक्रम मात्र एका वर्षाचा. साच्याला दोन वर्षे आणि द्रव्याला एक, हे प्रमाण दोन्ही विद्यांच्या सामाजिक मूल्यमापनाचेच निदर्शक मानावे लागेल. दुसऱ्या टोकाला बहुवारिक अभियांत्रिकीची पदवी पुण्यातच मिळू शकत होती. अशा रीतीने शिडीची सर्वांत वरची पायरी जवळ, सर्वांत खालची आखूड, आणि मधली, म्हणजे पदविकेची, सिपेटसारख्या दूरच्या संस्थेत.

या रचनेचा परिणाम कारखान्यातील पदक्रमावर झाला. मदतनीस, चालक, साचा चढविणारा सेटर, पर्यवेक्षक हा क्रम सर्वत्र दिसतो. परंतु चालक व सेटर यांच्यामधील पायरी ओलांडणे कठीण असते, कारण सेटरकडून साच्याचे ज्ञान अपेक्षित असते आणि ते धातुशाखेतून आलेल्याकडेच प्रमाणपत्रासह असते. वर्षानुवर्षे यंत्रासमोर उभा राहून दाण्याचा स्वभाव ओळखणारा चालक कागदोपत्री अर्धकुशलच राहतो. तो कंत्राटदारामार्फत आलेला असेल तर कारखाना बदलताच त्याचा अनुभवही नोंदीवाचून वाहून जातो.

ही उणीव अलीकडे काही प्रमाणात ओळखली गेली आहे. २०१२ मध्ये रबर क्षेत्रासाठी कौशल्य विकास परिषद स्थापन झाली व पुढे तिच्या कक्षेत रसायन आणि पेट्रोरसायन क्षेत्रेही आली. कामावर मिळविलेल्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था हा तिचा महत्त्वाचा विशेष होय. १९६१ च्या अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन उमेदवारीच्या व्यवसायांची कक्षा रुंदावली, आणि २०१६ पासून उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्र शासन उचलू लागले. मात्र प्रमाणपत्र आणि पद यांचा सांधा कारखान्यात जुळल्याखेरीज या व्यवस्थेला शिडीचे रूप येणार नाही. १९६० च्या दशकात जोडाऱ्याच्या प्रमाणपत्राला किंमत आली, ती ते पाहून कारखान्याने त्याला कुशल कामगाराचे वेतन दिले म्हणून.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पिंपरी-चिंचवडमधील व्यवसायशिक्षण तेथील पहिल्या उद्योगांच्या गरजेतून घडले, आणि उद्योगाचे द्रव्य बदलल्यावरही ते बराच काळ जुन्या घडणीतच राहिले. धातुविद्येचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. उत्तम साच्यावाचून उत्तम भाग निघत नाही, आणि या परिसरातील साचेकारांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु साच्याचा इतिहास लिहिला जात असताना द्रव्याचा इतिहास अलिखित राहिला, ही उणीव अभ्यासकांनी भरून काढावयास हवी. त्यासाठी उमेदवारीच्या नोंदवह्या, लहान कारखान्यांची हजेरीपत्रके आणि परीक्षामंडळांचे निकाल ही साधने उपयोगी पडतील. १९७० च्या दशकात भोसरी-चिंचवडला मिलवर व प्रेसवर लागलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. तिने कोणाकडून काय शिकून घेतले, हे बहुतांशी तिच्या स्मरणातच आहे. त्याची नोंद करण्याचे काम याच काही वर्षांत झाले पाहिजे.