थोरो आणि मूसची शिकार

आपल्याकडे थोरो आला तो दोन वाटांनी. एक गांधीजींच्या सविनय कायदेभंगाची आणि दुसरी दुर्गा भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादाची. दोन्ही वाटांनी आलेला हा थोरो निःसंग आणि निरुपद्रवी, जवळजवळ ऋषितुल्य आहे. वर्गात आपणही तो तसाच शिकवतो. म्हणूनच हा मनुष्य १८५३ साली मेन राज्याच्या डोंगराळ अरण्यात मूसच्या शिकारीत सामील झाला होता असे सांगितले की विद्यार्थी, आणि कधीकधी सहकारीही, बुचकळ्यात पडतात.

मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. शिकारीचा बेत थोरोचा नव्हता, बँगोर गावचे त्याचे नातलग जॉर्ज थॅचर यांचा होता. १३ सप्टेंबरला थोरो बोस्टनहून आगबोटीने निघाला. वाटाड्या म्हणून पेनॉब्स्कॉट जमातीच्या प्रमुखाचा मुलगा, चोवीस वर्षांचा जो एटिऑन ठरला. बर्चच्या सालीची साडेएकोणीस फूट लांबीची होडी त्याचीच. मूसहेड सरोवर ओलांडायचे, होडी व सामान मधल्या जमिनीवरून वाहून न्यायचे आणि पेनॉब्स्कॉट नदीच्या पश्चिम फाट्यात उतरायचे, असा मार्ग होता. मूसला साद घालायला बर्चच्याच सालीचा चौदा-पंधरा इंचांचा कर्णा केलेला होता.

या सिद्धतेत थोरोची जागा कोणती? तो स्वतःला वार्ताहर म्हणवतो, किंवा फौजेबरोबर जाणारा धर्मोपदेशक. आणि लगेच पुस्ती जोडतो की असे धर्मोपदेशक स्वतः बंदूक बाळगतानाही आढळले आहेत. ही पुस्ती विनोदाने वाचून पुढे जाण्याची आपली सवय आहे. मला ती कबुलीजबाबाची पहिली ओळ वाटते. ज्या बेतात आपण होडीत बसतो, वल्हे मारतो, मूस दिसावा म्हणून श्वास रोखून धरतो, त्या बेतात प्रेक्षक नावाची जागा शिल्लक राहते कुठे?

चांदण्या रात्री कर्ण्याला उत्तर आले नाही. पुढे पाइन स्ट्रीम नावाच्या ओढ्यात पिलासह एक मादी दिसली आणि थॅचरांनी गोळ्या झाडल्या. काही वेळाने ती पाण्यात मरून पडलेली सापडली. देह अजून उबदार होता. यानंतर थोरोने जे केले ते विलक्षण आहे. त्याने होडीची दोरी घेतली आणि त्या देहाचे माप घ्यायला सुरुवात केली; प्रत्येक मापाला एक गाठ. दोरी होडीसाठी हवी होती, म्हणून त्याच रात्री एकेक गाठ सोडत सारी मापे छत्रीच्या लांबीत उतरवली. दुसऱ्या दिवशी चेसनकुक येथे दोन फुटी पट्टी मिळाली, तेव्हा त्यांचे फूट-इंच केले. उंची आली सात फूट पाच इंच. हे माप चुकले होते, असे त्याने पुढे स्वतःच नोंदवून ठेवले.

जो कातडे सोलत असताना फाटलेल्या सडांतून वाहिलेले कोमट दूधही त्याने टिपले आहे. मापांचा आणि दुधाचा हा शेजार लेखनातील विसंगती नव्हे. निरीक्षक म्हणून आलेल्या माणसाला हाताला काही काम हवे होते, एवढेच.

त्या संध्याकाळी बाकीचे पुन्हा शिकारीला निघाले, तेव्हा तो तळावरच राहिला. दुपारच्या प्रकाराने, आणि त्यातील आपल्या वाट्याने, सहलीचा आनंद नासला असे तो लिहितो. मात्र शिकार सर्वथा वर्ज्य, अशी त्याची भूमिका नाही. पोटापुरती शिकार करून वर्षभर रानात राहणे त्याला कल्पनेत रुचते. त्याला शाकाहाराचा संत ठरवणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तिथूनच तो मारलेल्या मूसकडून तोडलेल्या पाइन वृक्षाकडे वळतो. 'चेसनकुक' हा निबंध १८५८ साली 'अटलांटिक मंथली'त क्रमशः आला. पाइन माझ्याइतकाच अमर आहे, कदाचित माझ्याइतक्याच उंच स्वर्गातही जाईल, अशा आशयाचे वाक्य संपादक जेम्स रसेल लोवेल यांनी न विचारता गाळले. थोरोने त्यांना अत्यंत संतप्त पत्र लिहिले, आणि लोवेल संपादक असेपर्यंत त्या मासिकाला पुन्हा काही दिले नाही. एका वाक्यासाठी इतका संताप का, याचे उत्तर त्या ओढ्यात आहे असे मला वाटते. ते वाक्य त्याने फुकट मिळवलेले नव्हते.

१८५७ साली तो पुन्हा मेनला गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १८६४ साली निघालेल्या 'द मेन वूड्स'च्या परिशिष्टात अशा प्रवासाच्या सामानाची यादी आहे: तिघांना बारा दिवसांसाठी अठ्ठावीस पौंड पाव, सोळा पौंड डुकराचे मांस, बारा पौंड साखर, आणि मांस व कोमट पाणी घशाखाली उतरावे म्हणून सहा लिंबे. वाटाड्याचा रोज दीड डॉलर. कुऱ्हाड आहे, गळ आहेत, पक्षी पाहायची छोटी दुर्बीण आहे, वनस्पती दाबून ठेवायची वही आहे. मापाची फीतही आहे. बंदूक नाही.

जो एटिऑन पुढे लाकडाचे ओंडके नदीतून वाहून नेण्याच्या कामावर होता. १८७० साली तो पेनॉब्स्कॉट नदीतच बुडाला.