डिक्रूझ, अनिल : तोंडाच्या कर्करोगावरील प्रकाशित संशोधन

डोके व मान यांच्या कर्करोगाचे भारतीय शल्यचिकित्सक. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे माजी संचालक आणि ‘यूआयसीसी’ या कर्करोगविषयक जागतिक संघटनेचे २०२०–२२ या काळातील अध्यक्ष. त्यांच्या नावावर शोधनिबंध पुष्कळ आहेत. परंतु वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे स्थान ठरते ते एका प्रश्नाचा पिच्छा पुरवल्यामुळे.

प्रश्न असा : जिभेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूस कर्करोगाची लहान गाठ आहे, मान चाचपली तर हाताला काही लागत नाही. अशा वेळी तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसीका ग्रंथी काढून टाकाव्यात, की रोग तिथे दिसेपर्यंत थांबावे? तोंडाचा कर्करोग पसरतो तो प्रथम मानेत. काही मिलिमीटरचा प्रसार बोटांना कळत नाही, सोनोग्राफीतही निसटू शकतो. वरवर निर्दोष दिसणाऱ्या मानेत दहापैकी सुमारे तिघांमध्ये रोग दडलेला सापडतो. म्हणजेच उरलेल्या सातांची मान विनाकारण उघडली जाते. हे विनाकारण उघडणे फुकट नसते. खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस याच भागातून जाते. ती दुखावली की हात वर नेऊन केस विंचरणेही जड जाते. थांबावे, तर रुग्णाने न चुकता तपासणीला यायला हवे, आणि परळला येणारे बरेच रुग्ण उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले असतात.

या प्रश्नावर आधी चाचण्या झाल्या नव्हत्या असे नाही. १९८० मध्ये फ्रान्समध्ये ७५ रुग्णांवर, १९८९ मध्ये टाटा रुग्णालयातच ७० रुग्णांवर, १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये ६७ रुग्णांवर आणि २००९ मध्ये हाँगकाँगमध्ये ७१ रुग्णांवर. आकडे तुटपुंजे, निष्कर्ष परस्परविरोधी. त्यामुळे जो तो शल्यविशारद आपापल्या गुरूच्या पद्धतीने चालत राहिला. डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘हेड अँड नेक’ या नियतकालिकात जिभेच्या कर्करोगाच्या जुन्या नोंदी तपासून निबंध लिहिला. दोन्ही पद्धतींतील रुग्णांच्या आयुर्मानात ठोस फरक आढळला नाही. रुग्णांची वाटणी चिठ्ठीपद्धतीने करणारी मोठी चाचणी हवी, असे त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. अशी चाचणी टाटामध्ये २००४ पासून सुरूही होती.

ती २०१४ पर्यंत चालली आणि एकाच रुग्णालयातील ५९६ रुग्ण तीत सामील झाले. पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष २०१५ मध्ये शिकागो येथे अमेरिकन क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीच्या अधिवेशनात मुख्य सत्रात मांडले गेले आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. निबंधाचे पहिले लेखक डिक्रूझ, दुसऱ्या ऋचा वैश, शेवटचे राजेंद्र बडवे. सुरुवातीलाच मान साफ केलेल्या २४५ जणांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. थांबलेल्या २५५ जणांपैकी ६७.५ टक्के. रोग न उलटता राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.५ आणि ४५.९ टक्के. हिशेब सोपा आहे : आठ जणांची मान आधीच साफ केली, तर एक मृत्यू टळतो. शस्त्रक्रियेतील गुंतागुंत ६.६ टक्क्यांत झाली, दुसऱ्या गटात ३.६ टक्क्यांत. थांबलेल्यांमध्ये रोग उलटला तेव्हा तो मानेत अधिक पुढच्या अवस्थेत सापडला. ‘लक्ष ठेवून राहू’ या धोरणातली खोट नेमकी इथे उघडी पडली.

अशी चाचणी पाश्चात्त्य देशांत का झाली नाही, याचे उत्तर कटू आहे : एवढे रुग्ण एका छताखाली तिथे मिळत नाहीत. तंबाखू-गुटख्याने भारताच्या माथी मारलेला हा रोग संशोधनाला संख्या पुरवून गेला.

निबंधावरचे आक्षेपही नोंदवले पाहिजेत. चाचणी एकाच केंद्रातली. रुग्ण बहुतांशी जिभेच्या कर्करोगाचे; आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या गाल-हिरडीच्या कर्करोगाचे प्रमाण तीत कमी. आणि तीन मिलिमीटर किंवा त्याहून कमी खोल रुजलेल्या गाठींत शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट झाला नाही. तरीही उपचारांची दिशा बदलली. ब्रिटनमधील ‘सेंड’ चाचणीने २०१९ मध्ये याच निष्कर्षाला दुजोरा दिला आणि त्याच वर्षी अमेरिकन सोसायटीची मानेवरील उपचारांबाबतची मार्गदर्शिका निघाली.

यापुढचा वाद वेगळा आहे. सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजी रोग जिथे प्रथम पोहोचेल ती पहारेकरी ग्रंथी हुडकून तेवढीच तपासावी, ही पद्धत फ्रान्समधील (२०२०) आणि जपानमधील (२०२१) चाचण्यांत तितकीच सुरक्षित ठरली. मात्र ती ग्रंथी शोधायला किरणोत्सारी द्रव्य, ते टिपणारे यंत्र आणि अनुभवी विकृतिशास्त्रज्ञ लागतात. ही सोय जिथे नाही, तिथे २०१५ च्या निबंधातील उत्तरच आजही सर्वांत भरवशाचे आहे.