घोटीव कागदाचा प्रवास : मराठवाड्यातील कागदकामाची परंपरा आणि शालेय शुभेच्छापत्र (विशेष संदर्भ : हिंगोली जिल्हा)

प्रस्तावना

रक्षाबंधन, शिक्षक दिन, दिवाळी, मकरसंक्रांत असे प्रसंग आले की महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांप्रमाणे हिंगोली जिल्ह्यातील शाळांमध्येही शुभेच्छापत्रे, राख्या, कागदी फुले, पाकिटे आणि लहानसहान भेटवस्तू तयार होऊ लागतात. कार्डशीट, घोटीव कागद, पतंगी कागद, कात्री आणि खळ किंवा डिंक एवढे या कामाचे साहित्य असते. कार्यानुभवाच्या तासिकेतील एक हलकाफुलका उपक्रम म्हणून त्याकडे पाहिले जाते. त्यामागे इतिहास असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

तथापि या साहित्यातील ‘घोटीव कागद’ हा शब्दच एका इतिहासाची खूण आहे. आज दुकानात मिळणारा, एका बाजूने रंगीत व चकचकीत असा हा कागद कारखान्यात तयार होतो. त्याला कुणी हाताने घोटलेले नसते. परंतु दख्खनमधील कागदी कारागीर एकेकाळी प्रत्येक ताव गुळगुळीत दगडाने घोटून लेखनयोग्य करीत असत. घोटण्याची क्रिया लोप पावली, शब्द मात्र मुलांच्या दप्तरात राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या शब्दामागील कारागिरी, सण-समारंभातील कागदकाम आणि शालेय हस्तव्यवसाय या तीन प्रवाहांचा परस्परसंबंध तपासला आहे.

उद्दिष्टे

१. दख्खनमधील हातकागद निर्मितीच्या परंपरेचा आढावा घेणे.
२. हिंगोली परिसरातील सण-समारंभांत कागदकामाचे असलेले स्थान स्पष्ट करणे.
३. शालेय कागदकामामागील शैक्षणिक विचार व त्यात झालेले बदल अभ्यासणे.

गृहीतक

शाळेने कागदकाम स्वीकारताना त्यातील सौंदर्याचा भाग स्वीकारला. उपजीविका व ज्ञान हे त्याचे दोन मूळ आधार मात्र शाळेबाहेर राहिले.

दख्खनमधील कागदी व कागदनिर्मिती

दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. गावाचे नाव व्यवसायावरून पडले. परंपरेनुसार येथील कारागिरीचा आरंभ मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली त्या काळाशी जोडला जातो. दख्खनमध्ये पुढे दौलताबादी आणि जुन्नरी कागदास लौकिक मिळाला. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हेही या व्यवसायाचेच स्मारक होय. मराठेशाहीच्या दफ्तरांतील असंख्य रुमाल अशा हातकागदाच्या आधारावरच टिकून राहिले.

या कागदाची कृती श्रमाची होती. सुती चिंध्या, जुनी दोरखंडे, ताग यांचे तुकडे करून ते चुन्याच्या पाण्यात भिजवीत. नंतर ते कुटून, वारंवार धुऊन लगदा तयार करीत. हा लगदा हौदातील पाण्यात कालवून त्यात गवताच्या बारीक काड्यांची चटई ताणून बसविलेला साचा बुडवीत व अलगद वर उचलीत. पाणी निथळले की साच्यावर कागदाचा ओला थर उरे. असे थर एकावर एक रचून दाबीत आणि मग एकेक ताव सारवलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला खळ लावीत. खळीमुळे शाई फुटत नसे. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटले की बोरू अडखळल्याशिवाय चाले.

येथे दोन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, हा कागद झाडे तोडून होत नव्हता; टाकून दिलेल्या वस्त्रातून होत होता. ‘टाकाऊपासून टिकाऊ’ हे शालेय घोषवाक्य होण्यापूर्वी कित्येक शतके कागदी कारागिरांची ती नित्याची रीत होती. दुसरी, मोजणी व साहित्याची भाषाही याच वर्तुळातली आहे. चोवीस तावांच्या ‘दस्त्या’त फारसी ‘दस्त’, म्हणजे हात, दडलेला आहे. विद्यार्थी ज्या खळीने कागद चिकटवितो, तीच खळ पूर्वी कागदाला लेखनक्षम करीत असे. एकोणिसाव्या शतकात यंत्राने तयार झालेला स्वस्त कागद आला आणि ही भाषा बोलणारे हात मागे पडले.

सण-समारंभातील कागदकाम

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव हे त्याचे पाच तालुके. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संमिश्र संस्कृतीच्या या प्रदेशात कागदाचे काम घराघरांत व गल्लोगल्ली होत आले आहे.

लग्नातील बाशिंग, पोळ्याला बैलांच्या मस्तकावर बांधले जाणारे बाशिंग, शिंगांवर चिकटविलेली बेगड, गौरी-गणपतीचे मखर, बांबूच्या कामट्यांवर कागद चढवून केलेला आकाशकंदील आणि मोहरममधील ताबूत या सर्वांचे तंत्र मुळात एकच आहे. हलका सांगाडा, त्यावर ताणलेला कागद, कातरलेली नक्षी आणि चमक देणारी बेगड. धर्म वेगळे, प्रसंग वेगळे. कात्री चालविण्याची रीत मात्र सारखी. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा महोत्सव मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. तेथे दहन होणाऱ्या रावणाची प्रतिमा हीदेखील याच तंत्राची भव्य आवृत्ती मानता येईल.

लहान भेटवस्तूंची परंपराही अशीच जुनी आहे. दसऱ्याला आपट्याचे पान ‘सोने’ म्हणून दिले जाते. संक्रांतीला तिळगूळ देतात आणि हळदीकुंकवाच्या प्रसंगी सुवासिनी वाण लुटतात. टपालसेवा रुळल्यावर चिमूटभर हलव्याची पुडी असलेली संक्रांतीची भेटपत्रे दूरच्या नातलगांना जाऊ लागली. म्हणजे शुभेच्छापत्र ही संपूर्णतः बाहेरून आलेली कल्पना नाही. वस्तूचे मोल थोडे आणि भावनेचे मोल मोठे, हा व्यवहार येथील समाजाला पूर्वीपासून परिचित होता. छापील कार्डाने त्याला नवे रूप दिले एवढेच.

शिक्षणविचारातील कागद

शाळेत कागद कापण्या-दुमडण्याचे काम वेगळ्या वाटेने आले. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था सुरू केली. तीच पुढे बालोद्यान पद्धतीची जननी ठरली. मुलांना द्यावयाच्या साधनांना त्यांनी ‘भेटी’ असे नाव दिले आणि कागद दुमडणे, कातरणे, पट्ट्या विणणे यांना शिक्षणात स्थान दिले. त्यांच्या दृष्टीने घडी हे आकार, प्रमाण आणि क्रम समजून घेण्याचे साधन होते.

या विचाराला भारतात मिळालेला प्रतिसाद विशेष आहे. टी. सुंदरराव यांचा कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारा इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध झाला. बालोद्यानातील कागदघडीच्या साधनावरून आपल्याला ही कल्पना सुचल्याचे त्यांनी नमूद केले आहे. साध्या चौरस कागदापासून आरंभ करून ते नियमित बहुभुजाकृती व शंकुच्छेदांपर्यंत पोहोचतात. मुलांच्या खेळातील घडी उच्च गणितापर्यंत नेता येते, हे एका भारतीय ग्रंथकाराने एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते.

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या माध्यमातून गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचा प्रसार केला. बोर्डी व कोसबाड येथील कार्यात ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या साधनांवर भर दिला. महागड्या साधनांवाचून शिक्षण थांबू नये, ही त्यामागील भूमिका होती.

ग्रामोद्योग ते कार्यानुभव

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्धा येथील मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या ग्रामोद्योगांचे प्रयोग झाले त्यांत हातकागदाचाही समावेश होता. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. स्वतः गांधीजी आलेल्या पत्रांची कोरी बाजू लिहिण्यास वापरीत आणि पाकिटे उलटून पुन्हा उपयोगात आणीत. कागदाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी श्रमाचा आहे, ही जाणीव त्या कृतीमागे होती.

ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषद व त्यानंतरचा झाकीर हुसेन समितीचा अहवाल यांतून नयी तालीम आकारास आली. हस्तव्यवसाय हा इतर विषयांच्या जोडीला ठेवलेला विषय नसून सर्व विषय त्या व्यवसायातून शिकवावेत, असे तिचे सूत्र होते. १९३७ नंतर मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मूलोद्योग शिक्षणाचे प्रयोग सुरू झाले, तेव्हा हिंगोलीचा प्रदेश संस्थानी राजवटीत होता. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. खेड्यापाड्यांत शाळा पसरू लागल्या त्या काळात नयी तालीमचा पहिला जोम ओसरत चालला होता. हस्तव्यवसाय येथे पोहोचला तो प्रामुख्याने वेळापत्रकातील एक तासिका म्हणून.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्राचे जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संकल्पना मांडली. या दोन्ही संज्ञांत ‘कार्य’ आणि ‘उत्पादक’ हे शब्द केंद्रस्थानी आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र कार्यानुभव हा श्रेणीपुरता विषय झाला. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाल्यावर वर्णनात्मक नोंदी आल्या. त्या नोंदींत वस्तूची सुबकता दिसते. विद्यार्थ्याने तंतूची दिशा ओळखली का, कोन मोजला का, खर्चाचा हिशेब केला का, हे क्वचितच दिसते.

बाजारातील शुभेच्छापत्र

आधुनिक शुभेच्छापत्राचा आरंभ सामान्यतः लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये काढविलेल्या नाताळ कार्डाने मानला जातो. १९४९ मध्ये युनिसेफने आपले पहिले कार्ड काढले. त्यावरील चित्र चेकोस्लोव्हाकियातील एका सात वर्षांच्या मुलीचे होते. मुलाच्या हातचे चित्र लोकसेवेस निधी मिळवून देऊ शकते, हे त्यातून जगाला दिसले. भारतात १९७९ मध्ये आर्चीजचा उदय झाला आणि छापील कार्ड तालुक्याच्या दुकानापर्यंत आले. पुढे मोबाईलवरील संदेशांनी ती बाजारपेठ आक्रसली. विशेष म्हणजे छापील कार्ड मागे पडत असताना शाळेतील हाताने केलेले कार्ड टिकून राहिले. विकत घेतलेल्या शब्दांपेक्षा स्वतःच्या हाताने दिलेला वेळ हीच त्याची किंमत होती, हे या टिकून राहण्याचे कारण होय.

हिंगोली जिल्हा : शक्यता

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११.७७ लाख असून बहुसंख्य लोक ग्रामीण भागात राहतात. कापूस, सोयाबीन व हळद ही येथील प्रमुख पिके. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यातील मुलाने कागदकामासाठी चमकी लावलेली कार्डशीट विकत आणावी आणि सुती चिंधीपासून कागद होतो हे त्याला ठाऊक नसावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे. जुन्या वह्यांचे कागद व सुती कापडाचे तुकडे भिजवून लगदा करणे, लाकडी चौकटीवर जाळी ताणून त्यावर ताव उचलणे, दाबणे आणि वाळविणे एवढी कृती कोणत्याही शाळेत होऊ शकते. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला एक घमेले आणि दोन चौकटी पुरतात.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद लावून वाळविलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने चित्र काढले असता ते लाल उमटते, कारण आम्लारिधर्मी पदार्थाच्या संपर्कात हळदीचा रंग बदलतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००७ च्या सातवीच्या विज्ञान पुस्तकात आईसाठी असेच भेटकार्ड करण्याची कृती दिलेली होती. भेटवस्तू, रसायनशास्त्र आणि गावचे पीक एका तावावर कसे येऊ शकतात, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी केलेले टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे कार्य याच दिशेचे आहे.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. त्यामुळे कागदी पिशव्या, पाकिटे आणि मखरे यांना पुन्हा वाव निर्माण झाला. महिला बचत गटांना हे काम कमी भांडवलात करता येण्याजोगे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तरविरहित कालावधी सुचविला असून त्यात स्थानिक कारागिरांसमवेत काम करणे अपेक्षित आहे. बाशिंग, ताबूत किंवा रावणाची प्रतिमा करणारा कारागीर त्या दहा दिवसांत वर्गात आला, तर ज्याला शाळेने कधी ‘ज्ञानी’ म्हटले नाही, तो काही काळ तरी शिक्षकाच्या जागी उभा राहील.

निष्कर्ष

१. शालेय कागदकामाची परिभाषा (घोटीव कागद, खळ, दस्ता) दख्खनच्या कागदी व्यवसायाशी नाते सांगते.
२. हिंगोली परिसरातील कागदकाम विविध धर्मीयांच्या सण-समारंभांत समान तंत्राने विकसित झालेले आहे.
३. फ्रोबेल, सुंदरराव व नयी तालीम यांच्या विचारात कागदकाम हे ज्ञानाचे साधन होते. कार्यानुभवाच्या अंमलबजावणीत ते मुख्यतः सजावटीचे काम उरले.
४. विकतच्या साहित्यावरील अवलंबित्वामुळे गरीब विद्यार्थ्याची श्रेणी त्याच्या कौशल्यापेक्षा खरेदीशक्तीवर ठरण्याचा धोका संभवतो.
५. स्थानिक कच्चा माल व स्थानिक कारागीर यांचा सहभाग घेतल्यास हा उपक्रम पुन्हा उत्पादक व ज्ञानलक्ष्यी होऊ शकतो.

समारोप

कागदी कारागिरांच्या हातून निर्मिती गेली आणि शाळेच्या हाती सजावट आली, असा या प्रवासाचा सारांश सांगता येईल. शुभेच्छापत्र हे अभ्यासक्रमातील सर्वांत लहान उत्पादन असले, तरी त्याच्या निमित्ताने वस्त्र, पीक, भूमिती, रसायन आणि कारागिराचा सन्मान हे सर्व वर्गात आणता येते. ते आणावयाचे की मूल्यमापनाच्या नोंदवहीतील एका ओळीपुरते ठेवावयाचे, हा निर्णय अखेरीस अध्यापकाच्या हाती आहे. त्यासाठी अध्यापक घडविणाऱ्या महाविद्यालयांनीही कागदकाम हा केवळ हौसेचा भाग न मानता इतिहास आणि श्रम यांचा अभ्यासविषय म्हणून हाताळणे आवश्यक ठरते.