पोकरच्या पुस्तकांचा ताळा

जोनाथन ग्रीन हा अमेरिकेतला सराईत जुगारी. जुगार सोडल्यावर 1843 मध्ये त्याने पत्त्यांच्या अड्ड्यांचं पितळ उघडं पाडणारं पुस्तक लिहिलं. पोकरच्या अगदी जुन्या छापील वर्णनांत त्याची गणना होते. तेव्हाचा पोकर 20 पानांचा होता आणि ग्रीनच्या लेखी तो फसवणुकीचाच खेळ होता. त्याचा सल्ला एकच: या वाटेला जाऊ नका. लबाडांचा सुळसुळाट असलेल्या त्या काळात तो सल्ला शंभर नंबरी होता, पण डाव खेळावा कसा हे शिकवणं ग्रीनला करायचंच नव्हतं.

ते काम मनापासून केलं हर्बर्ट यार्डलीने. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेसाठी परक्यांचे सांकेतिक संदेश फोडणारं खातं त्याने चालवलं होतं. 1957 मध्ये आलेल्या त्याच्या पोकरच्या पुस्तकात इंडियानातल्या एका लहान गावच्या गुत्त्यावर शिकलेले धडे आहेत. पानं चांगली नसतील तर डाव टाकून द्या, हा त्यांचा गाभा. पुस्तक आजही हातातून सुटत नाही. मात्र त्यात किस्सा पुढे आणि हिशेब मागे असतो. एखादी चाल बरोबर का, याचा पुरावा बहुतेक वेळा तिथे कोण जिंकलं एवढाच.

हा पुरावा किती कच्चा आहे ते डॉइल ब्रन्सन या खेळाडूच्या उदाहरणावरून दिसतं. टेक्सस होल्डम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं गुप्त मिळतात आणि मधली पाच पानं सगळ्यांची असतात. याच प्रकारात ब्रन्सनने 1976 आणि 1977 अशी सलग दोन वर्षं पोकरची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती. ही जोडी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली, पण म्हणून ती चांगली ठरत नाही. ब्रन्सनने 1978 मध्ये स्वतः छापलेल्या आणि 100 डॉलर किंमत लावलेल्या जाड ग्रंथाचं मोल वेगळ्याच गोष्टीत आहे: जो ज्या प्रकारात मुरलेला, त्याच्याकडून त्या प्रकाराचं प्रकरण त्याने लिहून घेतलं. त्याचा स्वतःचा सतत चढाई करण्याचा सल्ला मात्र समोरच्याला वाचता येणाऱ्यासाठी आहे. नवख्याने तो जसाच्या तसा उचलला तर खिसा रिकामा होणार.

ब्रन्सनच्या ग्रंथात एक प्रकरण लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीने पोकरच्या सिद्धान्तावर 1987 मध्ये जे पुस्तक काढलं, तिथे सल्ल्याला पहिल्यांदा भक्कम पाया मिळाला. समजा, होल्डममध्ये हाताशी चार बदाम आहेत, पाचवा हवा आहे आणि एकच पान उघडायचं राहिलंय. आपली दोन आणि मधली चार पानं सोडली तर न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम 9. म्हणजे शक्यता सुमारे 20 टक्के. पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांत, 80 डॉलर असताना समोरच्याने 20 लावले, तर 100 मिळवण्यासाठी 20 घालायचे. सहात एकदा जमलं तरी बरोबरी होते, म्हणून कॉल करावा, म्हणजे तेवढेच पैसे घालून डावात राहावं. त्याने 80 लावले तर तीनात एकदा जमायला हवं, म्हणून पुढे आणखी पैसे निघण्याची आशा नसेल तर डाव सोडावा. पानं तीच, उत्तरं दोन. ‘चार बदाम असले की थांबू नका’ असं सरसकट सांगणारं पुस्तक खुशाल मिटून ठेवावं.

2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून येऊन जागतिक स्पर्धेत 25 लाख डॉलर जिंकला आणि नवख्यांसाठीच्या पुस्तकांना उधाण आलं. त्याच वर्षी फिल हेलमुथ या खेळाडूने आपल्या पुस्तकात नवख्यांना खेळण्याजोगे दहाच हात सांगितले: सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या आठ जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी. लक्षात ठेवायला सोपं आणि उधळ्या माणसाला वाचवणारं. पण ताळा करून पाहा. दोन पानांच्या 1326 जुळण्यांपैकी या दहा हातांत बसतात फक्त 80, म्हणजे शंभरात सहा. असा हात सरासरी सोळा-सतरा डावांनी येतो. सहा जणांच्या टेबलावर तेवढ्या वेळात आळीपाळीने घालाव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमांपायी (छोटा ब्लाइंड आणि त्याच्या दुप्पट मोठा ब्लाइंड) चार मोठे ब्लाइंड गेलेले असतात. नऊ-दहा जणांत हा सल्ला निभावतो. माणसं कमी झाली की तोच अंगाशी येतो, आणि ही अट ठळकपणे सांगणं लेखकाचं काम आहे.

डॅन हॅरिंग्टनचं पोकर स्पर्धांवरचं पुस्तक याच कसोटीवर उजवं ठरतं. जवळ चिप्स किती आणि एका फेरीचा खर्च किती, हा भागाकार आधी, चाल त्यानंतर.

या साऱ्या उपदेशाची खरी परीक्षा 2019 मध्ये झाली. प्लुरिबस या संगणक प्रणालीने सहा जणांच्या होल्डममध्ये कसलेल्या व्यावसायिकांना हरवलं, आणि तीही माणसांचे डाव न अभ्यासता, स्वतःशीच खेळून शिकलेली. नुसता मोठ्या ब्लाइंडइतका कॉल करून डावात शिरू नये, हा पुस्तकांतला जुना नियम तिने छोट्या ब्लाइंडचा अपवाद वगळता खरा ठरवला. मागच्या फेरीत कॉल करून पुढच्या फेरीत आपणच आधी बेट लावणं चूक, हा दुसरा नियम मात्र तिने मानला नाही. ती चाल ती माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खेळली.

नवख्याने आज एकच पुस्तक घ्यायचं तर स्क्लान्स्कीचं घ्यावं. त्यातले काही खेळप्रकार आता फारसे खेळले जात नाहीत, तरी प्रत्येक चालीमागचं कारण तिथे लिहिलेलं आहे.