३१ जुलै १९४८ : अनवाणी पायांची पहिली परीक्षा

देश स्वतंत्र होऊन वर्षही भरलं नव्हतं. लंडन ऑलिंपिकमध्ये या दिवशी भारतीय फुटबॉल संघ फ्रान्ससमोर उभा राहिला. बहुतेक खेळाडूंच्या पायात बूट नव्हते, नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. श्रीगोंद्यात तालमीच्या लाल मातीत अनवाणी उतरणाऱ्या पैलवानाला त्यात नवल वाटणार नाही. सामना लंडनजवळच्या इलफर्डमध्ये होता; बुटांची सवय असलेल्या तिथल्या प्रेक्षकांना मात्र ते अजबच.

कर्णधार नागा टेकड्यांतले तालिमेरेन आओ, पुढे डॉक्टर झालेले. फ्रान्सने आघाडी घेतली, सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. स्वतंत्र भारताचा हा ऑलिंपिक फुटबॉलमधला पहिला गोल. पण दोन पेनल्टी वाया गेल्या (हे अजूनही जिवाला लागतं!) आणि अगदी शेवटी गोल खाऊन सामना १-२ ने हातचा गेला.

१९५२ मध्ये हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हा कुठे बुटांची सक्ती झाली. चारच वर्षांनी मेलबर्नला मुंबईकर नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला.