रंगाखालचें लोखंड

सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाविषयीं आपल्या सुशिक्षित समाजाची कल्पना फारशी उंच नाहीं. काळे हात, तेलकट कपडे आणि पाण्याच्या घमेल्यांत बुडविलेली ट्यूब, एवढ्यावरच ती थांबते. यंत्रयुगाचा इतिहास लिहूं लागलों म्हणजे शोधकांचीं नांवें आपण मोठ्या अक्षरांत लिहितों. ज्या दुकानांत त्या शोधास आकार आला, तें दुकान मात्र आपल्या दृष्टीस पडत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या उपेक्षित दुकानाची बाजू मांडण्याचा आमचा विचार आहे.

आजच्या सायकलीचें आदिरूप म्हणजे इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यांनीं १८८५ सालीं प्रसिद्धीस आणलेली 'रोव्हर' गाडी होय. तिच्यापूर्वींच्या उंच चाकाच्या गाडीवरून पडणें म्हणजे कपाळमोक्षासच आमंत्रण होतें. रोव्हरचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं, आणि पायांचें बळ साखळीच्या द्वारें मागल्या चाकास मिळत असे. १८८८ सालीं बेल्फास्ट येथें डनलॉप यांनीं हवेच्या टायरची जोड दिली. आणि पुढें थोड्याच वर्षांत शंकरपाळ्याच्या आकृतीचा, पोलादी नळ्यांचा सांगाडा सर्वत्र रूढ झाला.

या सांगाड्याची खरी खुबी त्याच्या सांध्यांत आहे. नळ्यांचीं टोकें पोलादी खोबणींत बसवून ते सांधे पितळेनें झाळीत. पोलाद वितळण्यास सुमारें १५०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. झाळण्याचें पितळ ९०० अंशांच्या आसपासच पातळ होतें. टांकणखार लावून सांधा लालबुंद केला, कीं वितळलेलें पितळ नळी व खोबण यांमधील बारीक फटींत आपोआप ओढलें जातें, आणि नळी स्वतः न वितळतां पक्की बसते. जोडण्याची जी युक्ति, तीच सोडविण्याचीही. तोच सांधा पुन्हां तापविला, कीं चेपलेली नळी काढून तिच्या जागीं नवी घालतां येते. म्हणजे दुरुस्तीची सोय या रचनेंतच अंतर्भूत आहे. मात्र आंच अति झाली, तर पातळ नळी सांध्याजवळ कमजोर होते व पुढें तेथेंच तुटते. म्हणून जाणता कारागीर रंगाची घाई करीत नाहीं. तो प्रथम जुना रंग खरवडून लोखंड उघडें करतो, गंज काढतो, कोठें चीर आहे काय तें पाहतो, दोरी लावून सांगाडा सरळ आहे कीं नाहीं हें तपासतो. आणि मगच एनॅमलचे हात देऊन तो भट्टींत भाजतो. चिरेवर रंग फासणारा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस सुख देतो, पण त्याचीं हाडें धोक्यांत घालतो.

हें शिस्तीचें शिक्षण माणसास कोठवर नेतें, तें पाहावयाचें असल्यास अमेरिकेंतील ओहायो राज्यांत डेटन शहरीं जावें. विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनीं १८९२ सालीं तेथें सायकलींच्या विक्री-दुरुस्तीचें दुकान काढलें. चार वर्षें दुसऱ्यांच्या गाड्या उघडून पाहिल्यावर, १८९६ सालीं ते गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणें स्वतःच्या गाड्या बनवूं लागले. चालतां चालतां डावें पेडल सैल होऊन गळूं नये, म्हणून त्याचे आटे उलटे पाडण्याची योजना त्यांनीं १९०० सालीं आपल्या गाड्यांकरितां जाहीर केली. ही दृष्टि ग्रंथांतून येत नाहीं. गळालेलें पेडल हातांत घेऊन दाराशीं आलेल्या गिऱ्हाइकाकडून ती येते. विमानाच्या पंखास वारा किती उचलतो, हें मोजण्यासाठीं १९०१ सालीं त्यांनीं सायकलीच्या हँडलवरच एक आडवें चाक बसविलें, तेंही याच दुकानांतलें.

१९०३ च्या नोव्हेंबरांत किटी हॉकच्या वाळवंटांत त्यांचें यंत्र उड्डाणास सिद्ध होत होतें. इंजिनाचें बळ पंख्यांस साखळ्यांनींच पोंचत होतें. पण इंजिनाच्या धक्क्यांनीं पंख्यांच्या दांड्यांवरचीं दातेरी चक्रें वारंवार ढिलीं होत. तेव्हां या बंधूंनीं काय केलें? दांडे तापवून, सायकलीची टायर चाकास चिकटविण्याचें लुकण त्यांनीं आट्यांत वितळविलें, आणि चक्रें घट्ट पिळून बसविलीं. तीं पुन्हां हललीं नाहींत. पुढें एका पोकळ दांड्यास चीर गेलेली आढळली. तीवर कसलाही लेप न फासतां ऑर्व्हिल थेट डेटनला परतले, व भरीव पोलादाचे नवे दांडे करून घेऊन आले. १७ डिसेंबर रोजीं पहिलें उड्डाण झालें: बारा सेकंद, १२० फूट. चीर लपवावयाची नसते, हा दुरुस्तीच्या दुकानाचा पहिला धडा तेथें फळास आला.

परंतु या कथेंत एक तिसरा पुरुष आहे. चार्ल्स टेलर नांवाच्या कारागिरास १९०१ सालीं या दुकानांत कामास घेतलें होतें. विमानास योग्य असें हलकें इंजिन कोणी कारखानदार देईना, तेव्हां सुमारें बारा अश्वशक्तीचें इंजिन टेलर यांनीं दुकानांतील लेथ व भोकें पाडण्याचें यंत्र यांवर सहा आठवड्यांत घडविलें. बंधूंचीं नांवें जगभर झालीं. टेलर मात्र १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत एका धर्मार्थ रुग्णालयाच्या खाटेवर आढळले. विमानधंद्यांतील मंडळींनीं मग मदत जमविली, आणि १९५६ च्या जानेवारींत ते वारले. इतिहासानेंही केव्हां केव्हां चिरेवर रंग दिलेला असतो, तो असा.

आपल्याकडील उदाहरण दूरचें नाहीं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें छोटें दुकान काढलें. रंगांधळेपणामुळें त्यांस चित्रकलेचा अभ्यास सोडावा लागला होता. लोखंडाच्या कामांत ती उणीव आड आली नाहीं. पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर हीं त्यांच्या हातून निघालीं, आणि १९१० सालीं कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. पांढरपेशा माणसानें पाना हातीं धरणें हें त्या काळीं प्रतिष्ठेचें नव्हतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या छोट्या दुकानाची किंमत कळते.

आम्ही आयुष्यभर पुस्तकें शिकविलीं. तीं शिकविल्याचा पश्चात्ताप आम्हांस नाहीं. पण इतके विद्यार्थी आमच्या हाताखालून गेले, आणि मोडलेली वस्तु उघडून पाहा, असें आम्ही त्यांतील एकासही सांगितलें नाहीं, ही खंत मात्र आहे. आज बिघडलेली वस्तु टाकून नवी आणणें घरोघर रूढ झालें आहे. त्यांत पैसा जातो, तो एक वेळ भरून काढतां येईल. पण वस्तूच्या आंत डोकावण्याची संधि जाते, ती परत येत नाहीं. म्हणून घरांतील जुनी सायकल भंगारांत देण्यापूर्वीं, एखाद्या रविवारीं मुलांच्या हातीं कानस व काचकागद द्यावा, आणि तिचा रंग त्यांच्याकडून खरवडून घ्यावा. हात काळे होतील. त्यास हरकत नाहीं.